सव्वा लाखाची मूठ

दिल्लीत कुणाला "हिंदूरावला जाऊन येतो" म्हटलं की समोरचा चेहरा पाडून विचारतो, "कौन भर्ती है?" हिंदूराव हे रुग्णालयाचं नाव आहे याबद्दल दिल्लीकराच्या मनात तिळमात्र शंका नाही. हिंदूराव नावाचा माणूस होता, तो कोल्हापूरजवळच्या कागलचा घाटगे होता, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ होता आणि रिजच्या टेकडीवर त्याचा बंगला होता, एवढं सगळं सांगून झालं की ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, "अच्छा. पर भर्ती कौन है?"

यंदा पावसाळ्यात मात्र भरती करावं असा एक माणूस माझ्यासोबत होता. आमचे साडू.

साडू हे नातं मोठं अवघड आहे. एकाच सासऱ्यानं केलेल्या दोन निवडींपैकी चुकीची कोणती, याचा निकाल जन्मभर राखून ठेवलेला असतो. आमच्या बाबतीत तो लागल्यात जमा होता, कारण ते थोरले आणि ह्यूस्टनचे, मी धाकटा आणि दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधला. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अमेरिकेत गेलेला मराठी माणूस पहिली दहा वर्षं घरापुढचं गवत कापतो, पुढची दहा गणपती मंडळाच्या घटनादुरुस्तीवर भांडतो आणि मुलं कॉलेजात गेली की संध्याकाळी काय करायचं ते त्याला कळेनासं होतं. कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी आंबट पिठाचे पाव भाजतं. दाजींनी रिव्हॉल्व्हर घेतलं.

तेही साधंसुधं नाही. सहा गोळ्यांचं, .४४ मॅग्नमचं, सिंगल ॲक्शन. म्हणजे काउबॉयच्या सिनेमात असतं तसं: प्रत्येक बार काढताना आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. चापाला एकच काम, घोडा सोडण्याचं. घोडा चढवण्याची हमाली मालकाची.

विमानतळावर दाजींनी नमस्कारासाठी हात जोडले तेव्हा आमच्या हिचं लक्ष गेलं. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात कातडं सोललेलं, मधल्या बोटाचं पेर निळं पडून सुजलेलं.

"अगंबाई, दाजी! गोळी लागली की काय?"

"गोळी कशाला लागेल? मूठ लागली."

घरी येईपर्यंत आम्हाला मुठीवर व्याख्यान मिळालं आणि खरं सांगायचं तर विषय ऐकण्यासारखा होता. .४४ मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची. ती सेकंदाला चारशेहून जास्त मीटर वेगानं पुढे निघते. न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढाच जोर उलट येतो, म्हणजे सव्वा-दीड किलोचं लोखंड ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगानं तुमच्या तळहातावर चालून येतं. आपल्याकडे ठासणीची बंदूक बाळगणारे म्हणतात, बंदूक लाथ मारते. पण ती खांद्यावरची. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर लाथ मारत नाही, ते कोलांटी मारतं. नळी मुठीच्या बरीच वर असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता सगळं यंत्र वरच्या अंगाला फिरतं.

आणि गंमत म्हणजे ते तसं फिरावं हीच मूळ योजना. या रिव्हॉल्व्हरांची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते, वर बारीक आणि खाली पसरट. १८५१च्या कोल्ट नेव्हीची मूठ तशी होती आणि १८७३च्या कोल्टनं, ज्याला अमेरिकेत शांती प्रस्थापित करणारा असं नाव पडलं, तीच उचलली. बार झाला की मूठ तळहातात सरकते, नळी आभाळाकडे जाते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. पुन्हा ओढायला तयार. काळ्या दारूच्या जमान्यात हे फार सुखाचं होतं. मग आयडाहोतले एल्मर कीथ नावाचे एक मोठ्या टोपीचे गुराखी लेखक वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागले की काडतूस आणखी जोरदार करा, आणि १९५०च्या दशकाच्या मध्याला .४४ मॅग्नम आलं. काडतूस वाढलं, माणसाचा तळहात होता तेवढाच राहिला. आता मूठ सरकते ती थांबतच नाही. घोड्याची शेपटी बेचक्यात रुतते आणि चापाभोवतीची लोखंडी कडी मागून येऊन मधल्या बोटाचं पेर ठोकते.

"मग सोडून द्या की," ही म्हणाली.

"छे! नुसत्या ग्रिपा बदलायच्या," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिजवर नेलं. हिंदूराव रुग्णालयासमोरच अशोकाचा एक स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून आणवला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फर्रुखसियरच्या राज्यात दारूचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली इंग्रजांनी ते जोडून पुन्हा उभे केले. जीवहत्या करू नका म्हणून सांगणारा खांब दारूनं फुटावा, यावर मी दोन वाक्यं बोलणार होतो. पण दाजींनी तेवढ्यात भुट्टेवाल्याकडून एक कणीस घेतलं होतं आणि ते उलटं धरून मला पकड दाखवायला सुरुवात केली होती.

"हे बघ. करंगळी मुठीवर नाही, मुठीच्या खाली दुमडायची. म्हणजे बूड टेकायला जागा मिळते. मनगट ताठ, पण आवळायचं नाही. आणि ठो!" कणीस झटक्यानं वर गेलं, तिखटमीठ माझ्या चष्म्यावर आलं. रुग्णालयाकडे डबा घेऊन निघालेल्या एका बाईनं आम्हाला ओलांडायचं सोडून रस्ताच ओलांडला. "बघितलंस, कसं फिरलं? आता हीच मूठ जाड असती तर काय झालं असतं?"

काय झालं असतं ते कळायच्या आत कठड्यावरून एक माकड उतरलं आणि कणीस घेऊन झाडावर गेलं. रिजवरच्या माकडांना खाऊ कुणाच्या हातात आहे एवढंच दिसतं, शास्त्रीय चर्चा दिसत नाही. दाजी बराच वेळ वर बघत होते. "पकड बघ त्याची," ते म्हणाले. "करंगळी बरोब्बर खाली आहे."

त्या टेकडीवर असल्या विषयावर बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं माझं मत आहे. तो बंगला मुळात विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा. २२ मार्च १८३५च्या संध्याकाळी घरी परतताना त्याला गोळी घातली गेली. करीमखान नावाच्या मारेकऱ्यानं त्यासाठी नळी कापून आखूड केलेली बंदूक वापरली होती. ती पुढे विहिरीत सापडली, करीमखानाला फाशी झाली आणि त्याचा धनी, फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन, यालाही त्याच वर्षी काश्मिरी गेटाबाहेर फाशी दिलं. (हा नवाब म्हणजे शायर दाग देहलवींचे वडील. दिल्लीत कुठलीही गोळी सुटली तरी ती दोन पावलांवर एखाद्या शायराच्या घराण्याला लागतेच.) मग रिकामा बंगला आपल्या कागलकर हिंदूरावांनी घेतला. खून झालेलं घर घ्यायला मराठी माणूस कचरला नाही. भाव पाडून मागितला असेल काय, याची मात्र मला उत्सुकता आहे.

१८५७ साल उजाडलं तेव्हा हिंदूराव हयात नव्हते. पण दिल्लीच्या वेढ्यात ८ जूनपासून १४ सप्टेंबरपर्यंत इंग्रजांच्या मोर्च्याचं नाक म्हणजे हेच घर. घर मराठ्याचं, हुकूम मेजर चार्ल्स रीडचा आणि गोळ्या झेलायला सिरमूर पलटणीतले गुरखे: ४९० पैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. त्या काळात साहेब लोक कमरेला रिव्हॉल्व्हर लावून हिंडू लागले होते आणि त्यात कोल्ट नेव्ही लोकप्रिय होतं. .३६ची बारीक गोळी, धक्का नावापुरता, मूठ ती रुमण्यासारखी. हाताला इतकं सुखाचं हत्यार पुन्हा झालं नाही म्हणतात.

त्या सुखाची किंमत सांगणारा एक किस्सा जॉर्ज फॉसबेरी या अधिकाऱ्यानं लिहून ठेवला आहे. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला आणि स्वतःच्या नावाचं रिव्हॉल्व्हर काढलेला हा गृहस्थ. नेमबाजीचा मोठा अभिमान असलेला एक इंग्रज अधिकारी, कोल्ट नेव्ही हातात. समोरून तलवार घेऊन एक धिप्पाड शिपाई धावत आला. साहेबानं एकामागून एक सहाही बार काढले. शिपाई येतच राहिला. नेम कसा लागला ते बघायला साहेब एक क्षण जास्त थांबला आणि तलवार साहेबाच्या कवटीत उतरली. नंतर पाहिलं तर सहापैकी पाच गोळ्या शिपायाच्या छातीत नेमक्या लागून पाठीतून आरपार गेलेल्या होत्या. यातून साहेब लोकांनी धडा असा घेतला की गोळी जाड हवी. शिपायाच्या छातीबद्दल चकार शब्द नाही.

पुढे इंग्रजी फौजेत .४५५चं वेबली आलं. जाड गोळी, मोठा धक्का, धक्क्याला पुरेशी मूठ हवी म्हणून नवी डोकेफोड. तेव्हा दाजींच्या बेचक्यातलं सालपट त्या तलवारवाल्या शिपायापर्यंत नेऊन पोचवता येतं. इतिहास म्हणून हे ओढूनताणून आहे, पण साडूला ऐकवायला पुरतं.

रात्री जेवणं झाल्यावर दाजींनी बॅगेतून एक पिशवी काढली आणि सतरंजीवर मुठींचं प्रदर्शन मांडलं. रिव्हॉल्व्हर अर्थातच ह्यूस्टनला. आणल्या होत्या फक्त पट्ट्या. मूठ म्हणजे लोखंडाच्या सांगाड्याला दोन्ही अंगांनी स्क्रूनं आवळलेले दोन तुकडे, बास. त्या दोन तुकड्यांवर अमेरिकेत घरं चालतात. एक जोडी रबराची, हाताला मऊ. ही घेऊन दाजींना वाटलं होतं की सुटलो. पण रबर तळहाताला चिकटतं, मूठ सरकू देत नाही, आणि सरकली नाही की सगळी कोलांटी मनगटात जाते. दुसरी जोडी अक्रोडाची, चौकड्या कोरलेली, दिसायला राजबिंडी. ती सरकते, पण सरकताना किसणीचं काम करते. तिसरी जाडजूड. जाड म्हणजे धक्का पसरेल हा त्यांचा हिशेब. पण बोटं पुरी वळेनात, त्यामुळे सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी. बिस्ली नावाचाही एक प्रकार असतो. इंग्लंडात बिस्लीला नेमबाजीच्या स्पर्धा होतात, त्यांच्यासाठी कोल्टनं १८९४ साली तशी मूठ काढली होती. ती उभट आणि मागून उंच असते, त्यामुळे धक्का सरळ तळव्यात येतो आणि कडी बोटाला लागत नाही. मात्र तिच्यासाठी सांगाडाच बदलावा लागतो, आणि आमच्या मेहुणीबाईंनी तेवढ्यावर सही करायला नकार दिला होता.

"जनरल पॅटनच्या मुठी हस्तिदंती होत्या," दाजी म्हणाले.

"त्याचा हात दुखत होता का?" हिनं विचारलं. माहीत नव्हतं. असल्या गोष्टी चरित्रात येत नाहीत.

सगळ्यात सुंदर मुठी सांबरशिंगाच्या समजतात, आणि ते शिंग जायचं आपल्याकडून. जंगलात गळून पडलेली सांबराची शिंगं गोळा होऊन परदेशी जात, तिकडे त्यांच्या सुऱ्यांना आणि रिव्हॉल्व्हरना मुठी होत. १९९०च्या दशकाच्या शेवटी सरकारनं ती निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या साठ्याला सोन्याचा भाव आहे. दाजींनी डोळे मिचकावून विचारलं की इकडे कुठे मिळेल का. मी सरकारी नोकर आहे. मी पंखा वाढवला.

त्या आठवड्यात मी त्यांना जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात नेलं. तिथे भारतीय तलवारींपुढे उभा राहणारा प्रत्येक पर्यटक एकच वाक्य बोलतो: मूठ केवढीशी, पूर्वीची माणसं लहान होती वाटतं. माणसं लहान नव्हती. मुठीच्या टोकाला जी लोखंडी तबकडी असते ती मनगटाला अडते. मूठ घट्ट बसते, हात लांब करून भोसकता येत नाही आणि वार आपोआप ओढून कापणारा होतो. म्हणजे कसं लढायचं ते मूठच ठरवते. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो आणि आत आडवी पकड. दाजी काचेला नाक लावून पट्ट्याच्या खोळीकडे असूयेनं बघत राहिले. "यात बेचकं सोलायचा प्रश्नच नाही," ते म्हणाले.

भारतात मुळात हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण दाजींसारखं हत्यार इथं मिळणं जवळजवळ अशक्य. १९८०च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांना बंद झाली. फौजेच्या आणि पोलिसांच्या मापाच्या गोळ्या नागरिकाला वर्ज्य. उरतं ते मुख्यतः .३२. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं: टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, मखमली पेटीत. नावामागची डिसेंबर २०१२ची, निर्भया प्रकरणाची आठवण थट्टेची नाही, म्हणून तिथे थांबतो. पण तेव्हाची किंमत ऐका: १,२२,३६० रुपये. झाकली मूठ सव्वा लाखाची हे वाडवडिलांनी कुठल्या दरपत्रकावरून ठरवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. गोळी बारीक, त्यामुळे धक्का दाजींच्या रिव्हॉल्व्हरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. कुणाचं बेचकं सोलत नाही. इकडे हत्याराचा त्रास बाराला होत नाही, त्याच्या कितीतरी आधी परवान्याच्या अर्जाला होतो.

आणि परवाना मिळाला की आमच्या दिल्ली-एनसीआरमध्ये त्याचा मुख्य उपयोग वरातीत. मंगल कार्यालयांबाहेर हत्यार आत आणू नये म्हणून पाट्या असतात, २०१९च्या दुरुस्तीनं आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय, तरी नवरदेवाचा एखादा काका आकाशाकडे नळी करतोच. त्याला मुठीची चिंता नसते. हात वर असतो, नजर व्हिडिओवाल्याकडे.

शेवटी तोड निघाली ती आमच्या हिच्याकडून. सतरंजीवरचं प्रदर्शन आवरताना ती म्हणाली, "एवढ्या मुठी आणल्यात, पण तुमच्या हाताचं माप कुणी घेतलं का? कासार बांगडी भरताना आधी हात दाबून बघतो."

दाजी गप्प झाले. नळीची लांबी, गोळीचं वजन, दारूचे ग्रेन, सगळं त्यांना पाठ होतं. हाताचं माप विचारलं तर हातमोज्याचा नंबर सांगायला लागले.

मी त्यांना कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात एका सहारनपुरी मिस्त्रीकडे नेलं. आम्ही रस्त्यात ठरवलं होतं की रिव्हॉल्व्हर हा शब्द काढायचा नाही.

"हत्था किस चीज़ का है?" मिस्त्रीनं पट्टी उलटीपालटी करत विचारलं.

"टूल का," दाजी म्हणाले.

"कौन सा टूल?"

"अमेरिकन."

मिस्त्रीनं काही न बोलता लाकडाच्या पुट्टीचा गोळा मळला, जुन्या पट्ट्यांवर थापला आणि दाजींना आवळायला सांगितलं. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले. त्यानं ते ठसे बघितले, मग दाजींचं सोललेलं बेचकं बघितलं आणि अत्यंत समजूतदार आवाजात म्हणाला, "बाबूजी, ये तो तमंचे का है. चोट भी उसी की है." मग आमच्याकडे न बघता रंधा परजला. "हमारे यहाँ शादियों में बहुत देखा है."

दाजी जे दोन वर्षांत आणि तीन जोड्यांत शिकले नव्हते ते त्यानं खडूनं फळीवर काढून दाखवलं. वरचा भाग जाड करायचा नाही, उलट बारीकच ठेवायचा. चापाच्या कडीमागे पोकळी आहे तिथे लाकूड भरायचं, म्हणजे मधलं बोट कडीपासून लांब राहील. तळव्याच्या खळग्यापुरता फुगवटा, करंगळीला खाली धार नको. आणि कोरीव काम बिलकूल नको. गुळगुळीत घासून जवसाचं तेल. "घूमने दीजिए इसको," तो म्हणाला. "रोकिएगा तो कलाई तोड़ेगी."

लाकूड शिसम. शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे दाजी घाबरले. मग मी शोधून सांगितलं की २०२२च्या पनामाच्या बैठकीत भारताच्या आग्रहावरून दहा किलोच्या आतल्या मालाला सूट मिळाली आहे. दोन पट्ट्या मिळून एखाद्या पेढ्याच्या पुड्याएवढ्याही भरत नव्हत्या. मिस्त्रीनं मजुरी सांगितली ती अमेरिकेतल्या एका स्क्रूच्या किमतीत बसली असती, तरी दाजींनी घासाघीस केली. सवय.

दिवाळीत त्यांचा फोन आला. बेचकं भरलं होतं, पेर उतरलं होतं, पन्नास बार काढले तरी हात दुखत नव्हता. आवाजात इतका आनंद होता की मी लगेच सावध झालो.

"म्हणून आता .४५४ कसूल घेतलंय," दाजी म्हणाले. "पाच गोळ्यांचं. .४४ याच्यापुढे खेळणं रे! फक्त मनगट जरा... तू मिस्त्रीला विचारतोस का?"

विचारलं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, छोटी गोळी वापरा म्हणावं. यात तो आपल्या नकळत अमेरिकन जाणकारांच्या पंक्तीला बसला होता: .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशलचं आखूड, मवाळ काडतूस चालतं आणि .४५४ मध्ये जुनं .४५ कोल्ट. कितीतरी लोक वर्षभर तेच वापरतात आणि चारचौघांत मॅग्नमचं नाव सांगतात. मी हे सगळं दाजींना सविस्तर कळवलं.

त्यावर त्यांनी कागदावर हात ठेवून काढलेलं नव्या मुठीचं माप पाठवलं. डाव्या हाताचं.